बिनदुधाचा रविवार

मला बघायला ही मंडळी आली तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं ते चहाकडे. मी आईने पढवल्याप्रमाणे मान खाली घालून ट्रे घेऊन बाहेर आले, आणि हे गृहस्थ म्हणाले, "मुली, ह्यात दूध घालायच्या आधीचा थोडा उरलाय का? असला तर तो आण."

आमच्या घरचे सगळे चपापले. पाहुण्याला बिनदुधाचा चहा? तोही मुलगी बघायला आलेल्या? आईने माझ्याकडे डोळे वटारले, जसा काही मीच आगाऊपणा केला होता. आमच्याकडे दूध वेगळं तापवून वरून घालायची पद्धत, त्यामुळे पातेल्यात घोटभर कोरा चहा होता. तो मी वाटीत आणून दिला. त्यांनी खिशातून स्वतःचा चमचा काढला (खिशातून!), चमचाभर चहा उचलला आणि असा काही भुरका मारला की माझी धाकटी मावशी पदरात तोंड घालून आत पळाली.

"पत्ती बरी आहे," ते डोळे मिटून म्हणाले. "पण उकळून उकळून मारलीत तिला."

माझं डोकंच फिरलं. "मी नाही मारली," मी म्हटलं. "तुम्ही तासभर उशिरा आलात, म्हणून मेली."

आईने कपाळावर हात मारला. सासऱ्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "हिला चहातलं काही कळत नाही, पण बोलते खरं." झालं, लग्न ठरलं. मुलाचं मत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही, आणि तोही अजून मलाच विचारतोय की त्याचं काय मत होतं.

अशी मी विरारजवळच्या आगाशीत आले. बाजारापासून थोडं आत, वाडीत घर, मागे केळी आणि सोनचाफ्याची झाडं, आणि घरात हा माणूस. मी त्यांना बाबा म्हणते. बाबा मुंबईत एका चहाच्या व्यापाऱ्याकडे चहा चाखायच्या नोकरीला होते. गोणींतून नमुने यायचे, बाबा ते चाखायचे आणि कुठला कशात किती मिसळायचा ते सांगायचे. आळीत ह्या नोकरीची फार चेष्टा व्हायची. आमची शेजारीण काकी खाडीकडच्या गावातली, लग्न होऊन इथे आलेली, तोंडाने फटकळ. ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "तुझा सासरा दिवसभर चहा पितो नि थुकतो. नोकरी म्हनं!"

थुकायचे ते ऑफिसात. घरी गिळायचे. पण भुरका मात्र तोच. मला आधी लाज वाटायची, कारण तो आवाज रस्त्यावर ऐकू जायचा. मग त्यांनी एकदा समजावलं. भुरका मारला की चहाचा तुषार होतो, तो टाळूवरून मागच्या मागे नाकात चढतो, आणि चहा खरा तिथे कळतो. "जिभेला काय अक्कल असते?" ते म्हणायचे. "गोड, कडू, तुरट, गरम. संपलं. बाकी सगळं नाकाचं."

रविवारी सकाळी आमच्याकडे चाखणं चालायचं. दोन-तीन कप, प्रत्येकात वेगळी पत्ती, वरून खळखळतं पाणी आणि झाकण. उकळायचं नाही, भिजवायचं. मग गाळून आधी रंग बघायचा, कप उजेडाकडे कलता धरून. मी सुरुवातीला नाक मुरडून एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "कडू." त्यावर ते चिडायचे. "कडू नाही, तुरट! कडू ती चूक, तुरट ती ताकद. नीट बघ, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात ना?" मी म्हणायचे, "मला तर तोंड वाळल्यासारखं वाटतंय." "मग तेच की!" ते खूश व्हायचे.

हळूहळू मला ते लागायला लागलं. आसामच्या दाणेदार पत्तीचा तो भरीव, जाडसर घोट, गिळल्यावरही घशात रेंगाळणारा, जरासा गुळाच्या काकवीसारखा. निलगिरीची पत्ती त्यामानाने हलकी, वासाने गोड. बारीक भुकटी सगळ्यांत आडदांड, रंग लगेच सोडते आणि घोट घेतला की कान गरम होतात. बाबा कोऱ्या चहात साखर घालू द्यायचे नाहीत. त्याऐवजी सुकेळ्याचा एक तुकडा दातांखाली धरायचा आणि वरून चहा प्यायचा. वाळवलेल्या केळ्याची ती चिकट गोडी आणि वर तो कडक घोट! मी माहेरी जाऊन हे सांगितलं तर आई म्हणाली, "तुला तिकडे नीट जेवायला घालतात ना?"

आणि पाणी. कोरा चहा पाण्याची चुगली करतो, दूध सगळं झाकून घेतं. टँकर बदलला की बाबांना पहिल्या घोटात कळायचं. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायला लागलं हे घरात सगळ्यांत आधी त्यांनी सांगितलं. आम्ही हसलो आणि पुढच्या महिन्यात डाळ शिजेना. कोणाच्या घरी गेले की तोंडावर सांगायचे, "वहिनी, ही पत्ती मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवता तुम्ही." त्या वहिनी मग त्यांच्यावर महिनाभर रुसायच्या. काकीच्या घरी तर त्यांनी चहा घेणंच सोडलं होतं. ती पत्ती, साखर, पाणी, दूध सगळं एकदम चढवते आणि विसरून जाते. दोघांचं भांडण ह्या विषयावर इतकी वर्षं चाललंय की कुणी ऐकतसुद्धा नाही.

मग मागच्या वर्षी त्यांना ताप आला. तसा फार मोठा नाही, आठवडाभर अंथरुणावर होते, उठले. अशक्तपणा होता, पण एक बदल झाला तो आम्हाला फार आवडला. बाबा गोड बोलायला लागले. जेवण कसं झालंय? छान. चहा कसा झालाय? छान. माझा नवरा म्हणाला, "म्हातारपणी माणूस निवळतो बघ." मीही सुटले म्हटलं, इतक्या वर्षांनी.

एका सकाळी फोनवर बोलता बोलता माझं दूध करपलं. साधंसुधं नाही, पातेलं तळाशी काळं ठिक्कर. वास असा की काकी कुंपणापलीकडून ओरडली, "अगो, काय जालतंस?" मी दुसरं दूध तापवायला घेतलं आणि गडबडीत त्या करपलेल्या दुधाचाच चहा बाबांपुढे गेला. लक्षात आल्यावर धावत बाहेर आले. बाबांनी अर्धा कप संपवला होता. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "छान झालाय."

 मी समोर बसले. "बाबा, कशाचा वास येतोय?" त्यांनी कपात पाहिलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "काही येत नाही गं. ताप गेल्यापासून नाही. म्हटलं उगाच तुम्हाला घोर कशाला."

म्हणजे इतके महिने हा माणूस गरम पाणी पीत होता आणि आम्ही त्याला निवळला म्हणत होतो. मला इतका राग आला, त्यांचा, माझा, नवऱ्याचा, की मी ते करपलेलं पातेलं अंगणात भिरकावलं.

नाकाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, ओळखीचे उग्र वास रोज हुंगवा, कदाचित परत येईल, कदाचित नाही. मी हात धुऊन मागे लागले. लवंग, कापूर, कांदा, सोनचाफा, झालंच तर सुके बोंबील. डोळे मिटा म्हटलं तर मिटायचे नाहीत. नाकाशी बोंबील धरला की म्हणायचे, "बोंबील दिसतोय." दिसतोय! मला हसूही यायचं आणि रडूही. हळूहळू त्यांनी बाहेर पडणं सोडलं. बाजारात त्यांचा रोजचा कट्टा होता, तिथे चहा प्यायल्याशिवाय बसता येत नाही, म्हणून तिथे जाणं बंद. वाडीत पाऊल टाकायचे नाहीत. जेवण चिमणीएवढं. ओसरीवर बसून रस्त्याकडे बघायचे, आणि विचारलं की छान. तो शब्द मला शिवीसारखा लागायला लागला.

एक दिवस ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई, माझा चहा बंद कर. सकाळी गरम पाणी दे. लागतं तेच, मग नाटक कशाला?"

मला ते ऐकवेना. हा माणूस चहा सोडणार म्हणजे मग राहिलं काय त्याच्यात? मी म्हटलं, "एक रविवार द्या मला. पहिल्यासारखं सगळं मांडते. पाच पत्त्या, एकाहून एक कडक. त्यातही काही नाही आलं तर तुमचं पाणी आणि तुम्ही. मी पुन्हा तोंड उघडणार नाही." ते म्हणाले, "तू तोंड उघडणार नाहीस हे बघायला तरी मांड."

मी कामाला लागले. विरारच्या बाजारात फिरून पाच पत्त्या आणल्या. चाखायला कप सारखे हवेत, आतून पांढरेशुभ्र, नाहीतर रंग कळत नाही. आमच्याकडे सगळे फुलाफुलांचे. आळीची सामाईक भांडी काकीच्या घरी असतात, लग्नाकार्याला लागणारी पातेली, सतरंज्या, पांढरे कप. शनिवारी संध्याकाळी गेले तर काकी घरी नव्हती, तिच्या सुनेने कप काढून दिले. "कशाला हवेत?" तिने विचारलं. "सकाळी लागतील, कोऱ्या चहाला," मी म्हटलं आणि घाईत निघाले. रविवारी पहाटे दूधवाला आला, त्याला फाटकातूनच परत पाठवलं. दूध घरात असलं की बाबा म्हणणार, घाल त्यात नि मोकळी हो. म्हणून मी सांगितलं, "आज दूध नको. आज आमच्याकडे कोराच चहा." रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे डोळे सुजलेले होते. त्याने सायकल तशीच धरून हात जोडले. मला वाटलं, रविवारचा नमस्कार करतोय.

आता आमच्या आळीची रीत सांगते, म्हणजे मी काय घोळ घातला ते कळेल. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. दूध घेत नाहीत. पहिला चहा शेजारच्या घरांतून येतो, किटल्या भरून, आणि तो कोरा असतो. काकीकडचे ते पांढरे कप अशाच वेळी निघतात. आणि आणलेली किटली भरलेली परत न्यायची नसते. हे सगळं मला पाठ आहे, मी स्वतः किती घरी किटल्या नेल्यात. पण डोक्यात दुसरं काही असलं की माणसाला स्वतःच्या आळीची रीतही दिसत नाही.

इकडे ओसरीवर टेबल मांडलं, नवऱ्याने खुर्च्या बाहेर काढून भिंतीला लावल्या. पाच कप, पाच झाकणं. बाबा धुतलेला सदरा घालून बसले. पहिला भुरका मारला. किती महिन्यांनी तो आवाज! "रंग चांगला," ते म्हणाले. दुसरा. "तुरट आहे." तिसरा, चौथा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, देवासमोर उभं राहावं तशी. पाचवी ती आडदांड भुकटी होती. त्यांनी भुरका मारला, चमचा ठेवला, डोकं खुर्चीला टेकलं आणि डोळे मिटले.

"गरम आहे," ते म्हणाले. एवढंच. मला कळलं की संपलं. नवरा उठून आत गेला. मी बसून राहिले, बोलायचं नाही असं कबूल केलं होतं ना.

तेवढ्यात फाटक वाजलं. पुढे काकी, पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, हातात किटली. मागे शेजारच्या वाडीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्या आमच्या ख्रिस्ती शेजारीण, चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपून तशाच आलेल्या, त्यांच्याही हातात किटली. त्यांच्यामागे अर्धी आळी, पुरुष पांढऱ्या कपड्यांत. काकीने खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या बाबांना पाहिलं आणि जो गळा काढला! "अरे देवा, बसल्या बसल्याच गेला रे माझा भाऊ! माझ्या हातचा चहा नाय पिला रे शेवटपर्यंत!"

बाबा दचकून उठले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

काकीचा आ वासलेला तसाच.  मग मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "तुम्हीच, असं आम्हाला कळलं होतं." आणि मागून कोणीतरी फस्सकन हसलं, मग सगळी ओसरी. नवरा बनियनवर बाहेर आला आणि एवढी पांढरी गर्दी बघून बाबांकडेच धावला. मी कपाळ बडवून घेत होते. काकी मला फाडून खायला निघाली होती. "दूध नको सांगतेस, कप नेतेस, मानसानं काय समजायचं गं? मी रडून रडून अर्धी झाले!"

"आता आणलायत तर ओता," बाबा म्हणाले. "भरलेली किटली परत न्यायची नाही. माझ्याच मयताचा चहा, मीच पितो." ते खरोखर हसत होते. पण मला माहीत होतं, हा त्यांचा शेवटचा चहा आहे, लोकांसमोर शोभून दिसावा म्हणून घेतलेला. बाईंचा चहा ओतला. बाबांनी भुरका मारला. "छान आहे हो बाई." 

मग काकीने पुढे होऊन ओतला. काळाकुट्ट, डांबरासारखा. बाबांनी चमचा उचलला, भुरका मारला आणि थांबले. कपाळावर आठी पडली. पुन्हा एक भुरका. मग कप उचलून सरळ नाकाशी नेला.

"धूर लागलाय ह्याला," ते म्हणाले.

"घ्या! मेलेला मानूस उठून नावं ठेवतो!" काकी भडकली. "काल गॅस संपला, परसात चुलीवर केला. लागनारच धूर! तुमच्यासाठी पहाटे उठून सोडनं जालली मी!"

"नारळाची सोडणं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "सोडणांचा धूर. गप्प बसा सगळे. जरा गप्प बसा." त्यांनी पुन्हा कप हुंगला. चहा सदऱ्यावर सांडला. "येतोय. सूनबाई, अगं, येतोय!"

 मी पदर तोंडात कोंबला होता. काकी गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती, तिला कुठे माहीत होतं काही? नवऱ्याने तिला कानात सांगितलं तेव्हा ती मटकन पायरीवर बसली.

"चूल पेटलेली आहे अजून?" बाबांनी तिला विचारलं.

"निखारे असतील."

बाबांनी चपला घातल्या. महिनोन् महिने ओसरी न उतरलेला माणूस हातातला कप न ठेवता फाटकाबाहेर पडला. मागून काकी, बाई, नवरा, मी, पांढऱ्या कपड्यांतली सगळी आळी. समोरून एक रिक्षा आली. रिक्षावाल्याने आम्हाला पाहून इंजिन बंद केलं, कडेला उभा राहून हात जोडले, आणि गर्दीत खांद्यावर काही दिसेना म्हणून बिचारा वाकवाकून बघत राहिला. बाबा पुढे झपाझप चालत होते.

काकीच्या परसात त्यांनी स्वतः मूठभर सोडणं चुलीत सारली आणि फुंकर घातली. धुराचा लोट उठला. आम्ही सगळे खोकत मागे सरलो. ते मात्र चुलीशी वाकून उभे, डोळ्यांतून घळाघळा पाणी, छाती भरभरून श्वास घेतायत.

"बाजूला व्हा हो!" काकी ओरडली. "डोले जातील तुमचे!"

"जाऊ देत," बाबा म्हणाले. "नाक आलं."